सैपाकघरातली लेथ

त्या माणसाने माझ्या खाटेचे तीन पाय कापले. आमची ओळख अशी झाली.

मी नर्स. शहापूरच्या उपकेंद्रात नेमणूक झाली तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी फारसं तयार नव्हतं. मिस्तरींनी दिली. सगळं गाव त्यांना मिस्तरीच म्हणायचं, मीही तेच म्हणत आले. हायवेला लागून भातगिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं, तिथं ते टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवायचं, धारदार टूल लावून ते हव्या त्या मापाला कातायचं, हे त्यांचं काम. पन्नाशी गाठलेला, काटकुळा माणूस. शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर कात्रीने कापलेल्या. बाह्या कशाला कापल्या, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मशीन कोनाची बाही सोडत नाही," ते म्हणाले.

सामान लावताना माझी खाट डगमगली. मी एक जुनं पाकीट घडी करून पायाखाली सरकवलं. मिस्तरी दारात उभे होते. ते आत आले, वाकले, पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे काय लावलं जी?"

"खाट हलते."

"हलते तर पाय बरोबर करा लागते. पत्ती नाही लावा लागत."

त्यांनी खाट अंगणात नेली, सर्वांत आखूड पायाचं माप घेतलं आणि बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला आणले. खाट दोन बोटं बुटकी झाली. पुढे चार वर्षं मी तिच्यावर झोपले. हलली मात्र नाही.

पत्ती म्हणजे काय ते मला नंतर कळलं. लेथवर टूलचं टोक फिरणाऱ्या लोखंडाच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. जरा वर गेलं तर घासतं, खाली गेलं तर रुततं. टूल खाली राहत असेल तर टर्नर लोक त्याच्याखाली काहीतरी सरकवतात. पत्र्याचा तुकडा, मोडक्या करवतीचं पातं, घाई असली तर पोस्टकार्डसुद्धा. सगळीकडे तसंच चालतं आणि काम होतं. मिस्तरींना ते खपत नसे. पत्ती लावली म्हणजे आपलं माप चुकलं हे आपणच कबूल केलं, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते उपकेंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आले. माझ्या टेबलाखाली वीट होती. ते घरी जाऊन करवत घेऊन आले, टेबल सरळ केलं आणि निघून गेले. इंजेक्शन राहिलंच. संध्याकाळी मी घरी जाऊन दिलं.

घर कवेलूच्या छपराचं, एकामागे एक तीन खोल्यांचं. रस्त्याकडची माझी, मधली त्यांची, आणि शेवटी सैपाकघर, त्यामागे पडवी. सैपाकघरात सैपाक होत नसे. तिथं लेथ होती.

छोटीच होती, चार माणसांनी उचलावी एवढी. नागपूरला कुठलंसं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा त्यांनी ती घेतली. तिचा टूल पकडायचा भागच नाहीसा झालेला होता, म्हणून तिला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मिस्तरींनी ट्रकच्या मोडक्या ॲक्सलमधून एक चौकोनी ठोकळा कापला, कानशीने घासून घासून त्याला खाच पाडली, आणि त्यात टूल बसवलं. तो पहिला होल्डर. खाच अशा मापाची की टूल ठेवलं की टोक आपोआप मध्यावर यावं, खाली काही लागू नये. मग आतून पोकळ कातायचं टूल त्यात बसेना, म्हणून दुसरा. मग टूलला धार लावली की ते झिजून खाली जातं, म्हणून उंची स्क्रूने वरखाली करता येणारा तिसरा. पहिल्याने दुसरा केला, दुसऱ्याने तिसरा. मी राहायला गेले तेव्हा वीस-बावीस झाले होते. सैपाकघराच्या फळीवर, जिथं डबे असायला हवेत तिथं, ते ओळीने मांडलेले असत. प्रत्येकाला तेलाचा हात, खाली जुन्या लुगड्याचा तुकडा.

तिथं जायचं तर नियम होते. पदर खोचायचा, वेणी वर बांधायची, हातातल्या बांगड्या मागे सारायच्या. मी एकदा त्यांच्या बोटाला पट्टी बांधली, तर ती त्यांनी माझ्यासमोर सोडली. पट्टीचं टोक मशीनमध्ये गेलं तर बोटही जातं. जखम उघडी ठेवून ते काम करत राहिले. मी चिडले. ते म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाय, बाई." पण पट्टी काही बांधू दिली नाही.

होल्डर बरोबर झाला की नाही हे पाहायची त्यांची एक रीत होती. गोल लोखंड आणि टूलचं टोक यांच्यामध्ये दाढीचं जुनं पातं हलकेच धरायचं. पातं सरळ उभं राहिलं तर टोक मध्यावर. वरून पुढे झुकलं किंवा मागे कललं तर काम चुकलं. त्या पात्याकडे ते खाली वाकून बघत तेव्हा श्वाससुद्धा घेत नसत. मी रोज छातीला नळी लावून लोकांना श्वास रोखायला सांगायची, मला ते लगेच ओळखू यायचं.

"यावर तुम्ही शेवटी करणार काय?" मी एकदा विचारलं.

"शेवटी म्हंजे?"

"म्हणजे काही वस्तू. कुणाच्या उपयोगाची."

त्यांनी विचार केला. माझ्या प्रश्नात त्यांना काही तथ्य वाटलं असावं.

"पयले पकडता तर आलं पायजे," ते म्हणाले.

पुढे माझी बदली झाली; मिस्तरी वारल्याचं मला फार उशिरा कळलं, शेजारच्या काकूंच्या पत्रातून. घर रिकामं करणाऱ्यांनी लेथ विकली आणि होल्डर वेगळे भंगारात घातले. जिने लेथ घेतली त्या पार्टीला त्यांची गरज नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या मशीनवर ते बसणारच नव्हते. त्या एका मशीनच्या मापाने केलेले होते. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

मिस्तरींच्या बायकोचं मला तिथल्या पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. काकूंनी सांगितलं.

"माहेरी, करडीले गेली ते भावाच्या लग्नाले. तीन वर्षं झाले, आलीच नाही. येन कशी? सैपाकघरात मशीन घातली बाप्पा त्यानं. बाईनं काय लोखंडावर पोळ्या शेकाव?"

मूलबाळ नव्हतं. भांडण झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. मिस्तरींनाही कारण तेच वाटत होतं, आणि ते लपवत नसत. घरात कोब्याची जमीन तेवढ्या एका खोलीत होती, बाकी सारवलेली. लेथ पक्क्या जमिनीवर बसवावी लागते, चार बोल्ट ठोकून, पाण्याच्या लेव्हलने बघून. म्हणून सैपाकघर गेलं.

"बाईमानसाले सैपाकघर पायजे," ते म्हणत. "माही चूक हाय. मागं शेड घालतो, तिथं कोबा करतो, लेथ तिकडं नेतो. अन् मंग जातो तिले आनाले."

"मग न्या ना. अडलंय काय?"

"एक होल्डर राहिला हाय. आता हलवली तर सेटिंग जाते. मंग तो कंदी होत नाही."

शेड तयार होती. कोबाही केलेला होता. त्यावर शेजारच्यांच्या कोंबड्या बसत.

राहिलेला होल्डर होता कापायच्या टूलचा. फिरणाऱ्या सळईतून चकती कापून वेगळी करायची तर टूल पातळ लागतं, आणि पातळ टूल थरथरतं. त्या थरथरण्याचा आवाज असा की दोन घरं पलीकडची म्हैस दावं ओढायची. मोठ्या मशीनवर चालून जातं, छोट्या मशीनचा जीव तेवढा नसतो. मिस्तरींनी जाड होल्डर केला, आखूड केला, तिरपा केला, ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याचा लवचीक केला. टूल बोंबलतच राहिलं.

एक अडचण त्यांची त्यांनाच कळत होती. वर्कशॉपात जन्म काढून त्यांचे कान गेले होते, अगदी बहिरे नव्हते, पण बारीक आवाज सुटायचे. एका रविवारी ते माझ्या दारात आले.

"बाई, तुमची छातीची नळी देता काय थोडी?"

"कुणाला काय झालं?"

"मशीनले."

सरकारी स्टेथोस्कोप लोखंडावर लावायला द्यायचा नाही, असं मी सांगितलं. ते बरं म्हणून गेले. मग मीच पदर खोचून, वेणी बांधून, नळी गळ्यात घालून सैपाकघरात गेले. ते टूल आत घालत, मी होल्डरच्या बाजूला नळी टेकवून ऐके. "इथं काही नाही. इथं घरघर आहे. इथं जास्त." ते खडूने खुणा करत. घरघर कुठली आणि धडधड कुठली एवढं मला माझ्या कामामुळे कळत होतं. वर्षभर आम्ही हे अधूनमधून केलं. त्यात बोलणं फारसं नसे. मी लोखंड ऐकायची, ते माझ्या तोंडाकडे बघायचे.

जेवणाचं त्यांचं काही खरं नव्हतं. सकाळी स्टोव्हवर पातेल्यात भात लावत, त्यावर तेल आणि तिखट टाकून मशीनपाशी उभ्यानेच दोन घास खात, उरलेला तसाच पडून राही. सुरुवातीला मी वाटीभर भाजी नेऊन ठेवायची. "जेवून घ्या, गरम आहे," म्हणायची. ते म्हणत, "आलो, एवढं होऊ द्या." सकाळी वाटी तिथंच असे, वर तेल गोठलेलं. दोन-तीन महिन्यांनी मी भाजी देणं बंद केलं. वाया घालवायला मलाही परवडत नव्हतं.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर तो होल्डर झाला. त्यांनी टूल पुढून न लावता मागच्या बाजूने लावलं, आणि उलटं, धार खाली करून. हे कसं सुचलं ते त्यांनी सांगितलं नाही. टूल आत गेलं. मी नळी लावून उभी होते. काहीच ऐकू येईना, मला वाटलं नळी बिघडली. तेवढ्यात कापलेली चकती खालच्या ट्रेमध्ये पडली.

"बोंबललं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"नाही हो. एकदम शांत."

त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले. मला वाटलं आता पुढचा होल्डर सुचेल. पण ते म्हणाले, "आता शेड."

पुढच्या रविवारी वर्कशॉपातले चौघे आले. लेथ उचलण्याआधी वजन कमी करायला तिचे भाग काढले. शेवटच्या टोकाला एक ठोकळा असतो, लांब लोखंडाला दुसऱ्या बाजूने टेकू देणारा. मध्य कुठं ते मिस्तरी त्याच्याच टोकावरून ठरवत. तो ठोकळा उचलला, तर त्याचे दोन भाग सुटे झाले आणि मधून पत्र्याची एक पातळ पट्टी निघाली. सिगारेटच्या डब्याचा पत्रा, कात्रीने नीट कापलेला. आधीच्या कुठल्यातरी मालकाने, ठोकळा झिजून खाली गेला म्हणून, सरकवलेला.

"मिस्तरी," एक जण म्हणाला, "तुमच्याच मशीनमंदी पत्ती निंगाली जी."

बाकीचे हसले. मिस्तरींनी ती पत्ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. मग रॉकेलने पुसली, होती तशी परत ठेवली, आणि म्हणाले, "उचला."

मला वाटत होतं ते आता सगळं पुन्हा करायला घेतील. घेतलं नाही. दोन संध्याकाळांत लेथ लेव्हल करून टाकली. सैपाकघरातले बोल्ट कापून भोकं सिमेंटने बुजवली, भिंतींना चुना मारला, फळी घासली. होल्डर शेडमध्ये गेले. शनिवारी ते माझ्याकडे आले.

"बाई, उद्या करडीले येता काय माह्यासंग?"

"मी कशाला?"

"तुमी बाईमानूस हाव. बोलनं तुमी सुरू करा. मंग मी बोलतो."

सकाळी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले. नवा होता, घड्या दिसत होत्या. भंडाऱ्याला गाडी बदलून आम्ही करडीला उतरलो. धान कापून झालं होतं, शेतात जागोजागी धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. मेहुण्याचं घर गावाच्या कडेला. मेहुणा मोकळा माणूस, "या भाटवे, बसा," असं बहिणीच्या नवऱ्याचं स्वागत करून त्याने खाट टाकली. मिस्तरींची बायको अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. माझ्या कल्पनेत रडवेली, थकलेली बाई होती. ही उंच, धट्टीकट्टी, हात कोपरापर्यंत भुशाने भरलेले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि पाखडत राहिली.

मी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. लेथ शेडमध्ये गेली, सैपाकघर मोकळं झालं, चुना मारला, असं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मशीन काहून हलवली?" तिने त्यांना विचारलं.

"तुह्यासाठी. तुले सैपाकघर नव्हतं."

"मले सैपाकघर नाही, असं मी म्हनलं होतं काय?"

त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली.

"सांगा ना. म्हनलं होतं काय कंदी?"

"नाही."

"मी चूल पडवीत मांडली होती. मले तिथं बरं वाटे, हवा राहे. मशीननं माहं काय बिघडवलं?" सूप थांबलं. "मी रोज काय म्हनत होती?"

मिस्तरींनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. पात्याकडे बघताना होई तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांना आठवेना.

"जेवाले या, म्हनत होती. रोज. दोन टाइम. तुमी म्हनत, आलो, एवढं होऊ दे. मी ताटावर बसून राहे. मंग एकटी जेवून घे. इथं भाऊ बसते, लेकरं बसते, धान कापाले आलेले गडी बसते. एकटं जेवाची पाळी येत नाही मले."

तिचा आवाज चढला नव्हता. मेहुणा उठून गोठ्याकडे गेला. मी माझ्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत बसले. चार वर्षांत तो माणूस काय करतोय हे सर्वांत जवळून मी पाहिलं होतं, आणि तिला एकदा विचारून या, एवढं सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

तिने हात धुतले आणि ताटं वाढली. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, पोपट-वालाच्या शेंगांची भाजी, ठेचा. नवऱ्याच्या समोर ती खाली बसली. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि जेवले. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. ती बघत होती. "भात घ्या अजून," म्हणाली, त्यांनी घेतला. तो संपल्यावर तिने ताट उचललं.

"मी नाही येत," ती म्हणाली. "इकडं कंदी आले तर जेवून जात जा."

परतताना ते खिडकीशी बसले. भंडाऱ्याच्या स्टँडवर दुसऱ्या गाडीची वाट बघताना पहिल्यांदा बोलले.

"तिनं सांगतलं असतं तर..."

"सांगत होती ना," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. मी पाय धुतले, दोन पोळ्या करून दुधाशी खाल्ल्या, दुसऱ्या दिवशीच्या लसीकरणाची यादी काढून बसले. शेडमधून मशीनचा आवाज येत नव्हता. आठच्या सुमारास दाराशी खाकरण्याचा आवाज आला. मिस्तरी उभे होते, तोच शर्ट, बाह्या खाली सोडलेल्या. मागे सैपाकघरात दिवा लागलेला दिसत होता.

"बाई, जेवले काय?"

चार वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

"हो, झालं माझं आत्ताच," मी म्हटलं.

"बरं बरं," ते म्हणाले, आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग गेले. सैपाकघरात एक ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि जरा वेळाने तेच उचलल्याचा. माझं जेवण खरंच झालं होतं. मी यादी पूर्ण केली आणि दार लावून घेतलं.